तिसरा कागद कोणी लिहिला? सुंतेच्या उपकरणांबद्दल सोलापुरातल्या खरेदी समित्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
वैद्यकीय उपकरणांची खरेदी आणि तांत्रिक छाननी करणाऱ्या समित्या,
सोलापूर शहर व जिल्हा

स. न. वि. वि.

सुंतेचं एखादं उपकरण खरेदीला येतं तेव्हा फायलीत बहुधा तीन कागद असतात. एक कंपनीचं गुळगुळीत पत्रक, दुसरं दरपत्रक आणि तिसरं तांत्रिक स्पेसिफिकेशन, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत ‘स्पेक’. पहिले दोन कुठून आले ते सगळ्यांना ठाऊक असतं. तिसरा कोणी लिहिला, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. हे पत्र त्या तिसऱ्या कागदाबद्दल आहे.

कोणा एका खरेदीवर बोट ठेवायला आम्ही बसलेलो नाही. सुंता करावी की करू नये या वादातही पडायचं नाही. विजापूर वेशीतल्या एखाद्या घरातल्या मुलाची सुंता असो, की शाळातपासणीत फायमोसिस (पुढची कातडी घट्ट असल्याने मागे न सरकणं) सापडल्यामुळे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून टेबलावर आलेला मंगळवेढ्याचा मुलगा असो, दोघांवर तोच क्लॅम्प आणि तीच रिंग वापरली जाते. बिघडलं तर दोघांचंही सारखंच बिघडतं.

स्पेकची गंमत सोलापूरकराला टॉवेलवरून चटकन कळेल. रुग्णालयासाठी टॉवेल घ्यायचे तर जीएसएम (दर चौरस मीटरला वजन) किती, लांबी-रुंदी किती, पाणी किती शोषतो, किती धुण्यांपर्यंत टिकतो, एवढं लिहिलं की पुरे. त्याऐवजी ‘काठावर साडेतीन सेंटिमीटरची अमुक विणीची पट्टी’ असं लिहिलं, की अक्कलकोट रोडवरचा एकच कारखाना पात्र ठरतो आणि बाकीचे कमी दर हातात घेऊन दाराबाहेर उभे. नियम कुठेच मोडलेला नसतो. टॉवेलवरची पट्टी निदान डोळ्यांना दिसते. उपकरणाच्या स्पेकमधली पट्टी मिलिमीटरमध्ये लपलेली असते आणि ती ओळखायला उपकरण हाताळलेला माणूस लागतो. म्हणून आधी उपकरणांबद्दल.

गॉमको क्लॅम्प १९३० च्या दशकातला, अजूनही वापरात असलेला. त्याचे चार भाग: बेल, भोक असलेली प्लेट, वरचा दांडा आणि नट. बेल शिश्नमण्यावर, म्हणजे शिश्नाच्या टोकावर, बसते, कातडी बेलवरून ओढून प्लेटच्या भोकातून वर काढायची, दांड्याच्या खाचेत बेलचे कान अडकवायचे आणि नट आवळायचा. बेलची कड आणि भोकाची कड यांच्यामध्ये कातडी चिरडली जाते. सुमारे ५ मिनिटं ती तशीच दाबून धरल्यावर रक्तवाहिन्या मिटतात, मग वरची कातडी ब्लेडने कापायची. सगळं काम त्या दोन कडांच्या जुळणीवर चालतं. बेल १.१, १.३, १.४५ सेंटिमीटर अशा मापांत येते आणि प्लेटचं भोक त्या त्या बेलसाठीच घडवलेलं असतं. १.३ ची बेल १.४५ च्या प्लेटमध्ये लावली तरी नट आवळला जातो, हीच त्यातली फसगत. हाताला घट्ट लागतं, आत मात्र फट असते. कातडी अर्धवट चिरडली जाते आणि क्लॅम्प सोडला की कडा उलगडून रक्त येतं. बेल लहान पडली तर शिश्नमणी पूर्ण झाकला जात नाही, तेव्हा इजा कातडीपुरती राहत नाही.

भाग एकमेकांत मिसळतात ते कुठे? ऑटोक्लेव्हच्या ड्रममध्ये. तीन सेट एकत्र धुतले, एकत्र निर्जंतुक झाले, सिस्टरने दिसेल तशी जुळवाजुळव करून थाळी लावली. त्यात एखाद्या सेटचा दांडा वाकला म्हणून ‘तसाच’ दांडा दुसऱ्या बनावटीचा आणलेला. अमेरिकेच्या औषध व उपकरणांच्या नियामकाने, म्हणजे एफडीएने, ऑगस्ट २००० मध्ये गॉमको आणि मोगेन या दोन्ही क्लॅम्पबद्दल डॉक्टरांना सावध केलं ते नेमकं यासाठीच. जुलै १९९६ ते जानेवारी २००० या काळात अशा क्लॅम्पमुळे इजा झाल्याचे १०५ अहवाल त्यांच्याकडे आले होते. कारणं साधी होती: भलत्या बनावटीचे सुटे भाग, झिजलेल्या प्लेट, वाकलेले दांडे. मोगेन हा दोन जबड्यांचा क्लॅम्प, त्यात गोष्ट आणखी बारीक. त्याचे जबडे साधारण ३ मिलिमीटरच उघडायला हवेत, म्हणजे कातडी सरकेल पण शिश्नमणी आत येणार नाही. बिजागरी सैल होऊन जबडे जास्त उघडू लागले की ही आड राहत नाही. मोगेन लावणाऱ्याला आत काय आलंय ते दिसत नाही, त्याला फक्त जबड्यावर विश्वास ठेवायचा असतो.

आता नेहमीचा स्पेक आठवून पाहा. ‘३०४ ग्रेड स्टील, मॅट फिनिश, सीई मार्क, अमुक बनावटीचा किंवा समतुल्य.’ भागांवर एकच क्रमांक कोरलेला असावा, सुटा भाग मागवला तर त्याच कारखान्याचा आणि त्याच मापाचा मिळावा, जबड्याची उघडझाप मोजून द्यावी, याबद्दल एक ओळ नाही. सेटवर क्रमांक कोरायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. पण विकणाऱ्याने लिहिलेल्या कागदात ती ओळ येणार नाही, कारण त्या ओळीने माल खपत नाही. पुरवठा आल्यावर स्टोअरने करायची तपासणीही पाच मिनिटांची आहे: प्रत्येक सेट जुळवून, रिकामाच आवळून, बेल आणि भोकाच्या मधून उजेड दिसतो का ते खिडकीकडे धरून बघायचं. उजेड दिसला की सेट परत.

धातूच्या क्लॅम्पला मोनोपोलर कॉटरी (विजेने जाळून रक्त थांबवणारं हत्यार, ज्याचा करंट अंगातून जातो) कधीही लावू नये, हे इथे एकदा ठळक लिहून ठेवतो. करंट रुग्णाच्या अंगाला लावलेल्या परतीच्या प्लेटकडे जाताना शिश्नाच्या चिंचोळ्या भागातून जातो आणि तिथेच जाळतो. १९६६ साली कॅनडात विनिपेगला कॉटरीने केलेल्या सुंतेत आठ महिन्यांच्या बाळाचं शिश्न पूर्ण जळालं, ते जगभर शिकवलं जातं. लागलीच तर बायपोलर, ज्यात करंट चिमट्याच्या दोन टोकांमध्येच राहतो. काही ठिकाणी क्लॅम्पच्या जोडीने ‘कॉटरी मोफत’ अशी योजना येते. कुठली कॉटरी, हे त्यात लिहिलेलं नसतं.

सध्या सगळ्यात जास्त खपवली जाते ती स्टेपलरवाली सुंता. ‘टाका नाही, रक्त नाही, पाच मिनिटांत घरी’ अशी पाटी शहरात कुठेही दिसते. उपकरण वाईट नाही. मोठ्या माणसात, माप बरोबर असेल तर, काम खरंच लवकर होतं. आत एक बेल असते, बाहेरच्या नळीत गोल ब्लेड आणि बारीक पिनांचं कडं. हँडल पूर्ण दाबलं की कातडी कापली जाते आणि त्याच क्षणी कडेने पिना बसतात. बिघडतं ते तीन ठिकाणी. हँडल अर्धवट दाबलं गेलं तर कातडी कापली जाते आणि पिना मिटत नाहीत, म्हणजे चहूकडून रक्त आणि हातात टाके घालायची तयारी नाही. बेल तिरकी बसली तर खालच्या बाजूची फ्रेन्युलमजवळची (शिश्नमण्याला जोडणाऱ्या पातळ पट्टीजवळची) कातडी गरजेपेक्षा जास्त जाते आणि वरची उरते. सूज आलेली, जाड किंवा चिकटलेली कातडी असेल तर पिना तिच्यातून पार पोहोचत नाहीत. पिना २ ते ४ आठवड्यांत आपोआप गळाव्यात. काही गळत नाहीत, त्या चिमट्याने काढाव्या लागतात, आणि ते काम शिबिराच्या खर्चात कुठेच धरलेलं नसतं.

स्टेपलरची मापं साधारण १२ ते ३६ मिलिमीटरच्या दरम्यान येतात आणि निवड परीघ मोजून करायची असते. स्पेकमध्ये ‘१०० नग’ एवढंच लिहिलं की पुरवठादार गोदामात पडून असलेली मापं पाठवतो, मग थिएटरमध्ये २१ ची गरज असताना २६ लावलं जातं. मागणीपत्रात मापनिहाय संख्या हवी आणि न वापरलेलं माप बदलून देण्याची अट हवी. दुसरं म्हणजे हे उपकरण एकदाच वापरायचं आहे. ‘एथिलीन ऑक्साइडमध्ये (निर्जंतुक करायच्या गॅसमध्ये) घालून परत चालतं’ असं तुम्हाला कोणी सांगितलं तर त्याला सांगा की ब्लेडची धार आणि संपलेल्या पिना गॅसने परत येत नाहीत. किटमध्ये भुलीचं औषध देऊ केलं असेल तर लेबल वाचा: शिश्नाच्या नर्व्ह ब्लॉकसाठी साधं लिग्नोकेन हवं, अ‍ॅड्रिनलिन असलेलं नको. मात्रा किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे १० किलोच्या मुलाला १ टक्क्याचं जास्तीत जास्त ३ मिलिलीटर. किटवाले सगळ्यांना एकच अँपूल देतात.

रिंगवाल्या उपकरणांचा हिशोब वेगळा, कारण त्यांचं काम थिएटरमध्ये संपत नाही. प्लास्टिबेल या उपकरणाची प्लास्टिकची रिंग कातडीच्या आत बसवून तिच्या खाचेवर दोरा घट्ट बांधायचा, वरची कातडी कापायची, दांडी मोडायची. रिंग साधारण ५ ते ८ दिवसांत आपोआप गळते. मोठी रिंग लावली तर ती मागे सरकून शिश्नाच्या दांड्यावर अडकते, लहान लावली तर शिश्नमणी सुजून तिच्यात दाटतो. दोन्ही वेळा रिंग कापून काढावी लागते, आणि त्यासाठी मूल परत यावं लागतं. करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या आईसाठी सोलापूरला यायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. पूर्व भागातल्या विडी कामगार बाईचंही तेच. ‘काही वाटलं तर या’ असं सांगून पाठवलेली रिंग कुठे गेली, हे कोणालाच कळत नाही.

रिंगमध्ये आणखी एक धोका आहे, तो आफ्रिकेत कळला. प्रेपेक्स नावाच्या उपकरणाला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०१३ रोजी पूर्वअर्हता, म्हणजे तपासून दिलेली मान्यता, दिली. लवचीक रिंग कातडीचा रक्तपुरवठा तोडते, कातडी वाळते आणि ७ व्या दिवशी कापून काढायची. सुई नाही, टाका नाही. पण आठवडाभर मेलेली कातडी अंगावरच राहते, तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, आणि धनुर्वाताच्या जंतूला नेमकं तेच हवं असतं. वापर वाढल्यावर धनुर्वाताचे रुग्ण सापडले. त्यानंतर संघटनेने अशा उपकरणासाठी लसीची अट घातली: धनुर्वाताचे दोन डोस किमान ४ आठवड्यांच्या अंतराने, आणि दुसरा डोस उपकरण लावण्याच्या किमान २ आठवडे आधी. म्हणजे ‘आज आला, आज लावलं, आज गेला’ हे जे विकलं जात होतं तेच मोडीत निघालं. पूर्वअर्हता मिळाली तेव्हा चाचण्या झालेल्या होत्या, कोणी खोटं बोललेलं नव्हतं. तरीही ही गोष्ट हजारो माणसांवर वापरल्यावरच दिसली. त्यामुळे ‘डब्ल्यूएचओ मान्य’ हे शब्द पत्रकावर दिसले की कोणत्या वर्षीची मान्यता आणि त्यानंतर कोणती सूचना, हे दोन्ही विचारा.

त्याच पत्रकावर ‘एचआयव्हीचा धोका ६० टक्क्यांनी कमी’ असंही बहुधा असतं. आकडा खरा आहे, जागा चुकीची आहे. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या तीन चाचण्यांवरून २००७ मध्ये जी शिफारस झाली, ती एचआयव्हीचं प्रमाण खूप जास्त आणि सुंतेचं प्रमाण कमी असलेल्या पूर्व व दक्षिण आफ्रिकेतल्या देशांसाठी. स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या संसर्गापुरताच तो आकडा आहे. त्या प्राधान्य देशांत भारत कधीच नव्हता. सोलापूरच्या फायलीत हा आकडा दिसला तर समजावं की पत्रक आपल्यासाठी लिहिलेलं नाही, नुसतं आपल्याला दिलेलं आहे.

हितसंबंध खरेदीत कसे शिरतात याचा सर्वांत बोलका दाखला दक्षिण आफ्रिकेतलाच आहे. टारा क्लॅम्प हे मलेशियात तयार झालेलं प्लास्टिकचं उपकरण. लावायचं आणि आठवडाभर अंगावर ठेवायचं. तरुण पुरुषांवरची त्याची तुलनात्मक चाचणी २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. चाचणी लहान होती, पण फरक लहान नव्हता: टारा क्लॅम्पच्या गटात ३७ टक्के लोकांना गुंतागुंत झाली, नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या गटात ३ टक्क्यांच्या आसपास. तरी २०१० मध्ये क्वाझुलु-नाताल प्रांताने आपल्या सुंता मोहिमेत हेच उपकरण आणलं. ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन या संघटनेने उपकरणाच्या सुरक्षिततेवर आणि ते ज्या पद्धतीने खरेदी झालं त्यावरही उघड आक्षेप घेतला. माहिती नव्हती असं कोणाला म्हणता येणार नव्हतं, कारण ती आधीच छापलेली होती. प्रश्न एवढाच होता की टेबलावर ती कोणी ठेवायची, आणि टेबलावर बसलेल्यांपैकी ती कोणाला नको होती.

आपल्याकडे पाकीट लागत नाही. याहून सौम्य वाटा असतात आणि त्या वाटेने जाणाऱ्यालाही आपण काही वावगं करतोय असं वाटत नाही. कंपनीने पुण्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, तिथे हात बसला. मग स्पेक लिहायची वेळ आली तेव्हा हातात होता तोच ब्रँड आठवला आणि त्याच्याच पत्रकावरून मापं उतरवली गेली. ‘ट्रायल’ म्हणून दहा नग फुकट आले, त्यांचं चलन नाही, साठा नोंदवहीत नोंद नाही, आणि पुढच्या बैठकीत ‘आम्ही वापरून पाहिलंय’ हा तांत्रिक पुरावा झाला. समितीवरच्या डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात तेच उपकरण चालतं, किंवा वितरक घरातलाच आहे. शिबिराचा मांडव, बॅनर आणि नाश्ता पुरवठादाराचा.

आणि एक वाट अशी की जिच्यात कंपनीचा माणूसच नाही. पाचशे नग आले, वर्षअखेरीपर्यंत खपले पाहिजेत. मग फायमोसिस वाढतो. जन्मतः बहुतेक मुलग्यांची कातडी मागे जात नाही, ते नैसर्गिक आहे. वाढत्या वयात ती सुटत जाते आणि पौगंडापर्यंत फार थोड्यांची अडकलेली राहते. खरा घट्टपणा असला तरी बऱ्याच मुलांना बीटामेथासोन ०.०५ टक्के मलम दिवसातून दोनदा, ४ ते ८ आठवडे, हळुवार ओढ देत लावलं की ऑपरेशन लागत नाही. मलमाची ट्यूब दरपत्रकात नसते म्हणून ती कोणी सुचवत नाही. उलट कातडी पांढरी, कडक, चरे पडलेली असेल तर तिथे मलमावर वेळ न घालवता शस्त्रक्रियाच लागते. मूत्रमार्गाचं तोंड खालच्या बाजूला असेल, म्हणजे हायपोस्पेडियस असेल, तर सुंता अजिबात करू नये, कारण पुढे दुरुस्तीला तीच कातडी लागते. हे ठरवायला शांतपणे तपासलेली दोन मिनिटं लागतात. साठा संपवायच्या घाईत पहिली जातात ती हीच दोन मिनिटं.

कायदा नाही असं नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घ्यायला २००९ पासून मनाई आहे. अशा भेटींवरचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं. वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीसाठी केंद्राची स्वतंत्र आचारसंहिता सप्टेंबर २०२४ मध्ये आली. हे सगळं देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला बांधतं. समितीच्या टेबलावर बसणाऱ्याने बसण्याआधी आपला संबंध लिहून द्यावा, हे त्यातून आपोआप होत नाही.

म्हणून आमची पहिली मागणी अर्ध्या पानाच्या नमुन्याची. स्पेक लिहायला बसण्याआधी, निविदा उघडताना नव्हे, प्रत्येक सदस्याने लिहून द्यावं: गेल्या तीन वर्षांत या उपकरणाच्या कोणत्याही कंपनीकडून वा वितरकाकडून प्रशिक्षण, प्रवास, मानधन, नमुने घेतले का, खासगी व्यवसायात यापैकी काय वापरतो, घरातलं कोणी या व्यवसायात आहे का. ‘होय’ म्हणजे गुन्हा नव्हे. सोलापुरात लहान मुलांचे सर्जन किती आहेत ते आपण जाणता. प्रशिक्षण घेतलेल्या सगळ्यांना बाहेर काढलं तर समितीत उपकरण ओळखणारं कोणी उरणार नाही. ‘होय’ लिहिणाऱ्याने प्रश्नांची उत्तरं द्यावीत, पण स्पेक लिहू नये आणि प्रात्यक्षिकाला गुण देऊ नयेत. ते काम थिएटर सिस्टर, बायोमेडिकल अभियंता आणि गरज पडल्यास शेजारच्या जिल्ह्यातल्या सर्जनने करावं. हे नमुने निविदेसोबत संकेतस्थळावर टाकावेत.

स्पेकमध्ये ब्रँडचं माप न लिहिता काम लिहावं: कोणत्या वयासाठी, किती मापं, प्रत्येक मापाचे किती नग, अंगावर राहणार असेल तर किती दिवस, काढायला कोणतं हत्यार लागतं आणि ते हत्यार किमतीत धरलंय का. आयात माल असेल तर एमडी-१५ या आयात परवान्याची प्रत, देशी असेल तर वर्गानुसार एमडी-५ किंवा एमडी-९ या उत्पादन परवान्याची. खोक्यावर लॉट क्रमांक आणि मुदत. ‘परवाना प्रक्रियेत आहे’ हे उत्तर घेऊ नये, मुदती कधीच उलटून गेल्या आहेत. किमतीची तुलना नगावर न करता एका मुलावर करावी: उपकरण, भूल, परत येण्याच्या फेऱ्या, आणि फसलं तर टाके घालायचा सेट. अशा तक्त्यात पाच टाके आणि सूती बँडेजची जुनी शस्त्रक्रिया कितीदा पहिली येते ते पाहून आपल्यालाही नवल वाटेल.

दुसरी मागणी एका वहीची. पोट उघडलं की आपण मॉप (रक्त टिपायची फडकी) मोजतो, लावले तेवढे परत आले की नाही ते पाहतो. रिंगही तशीच मोजावी. लावलेल्या प्रत्येक रिंगपुढे माप, लॉट क्रमांक, पालकांचा फोन. तिसऱ्या दिवशी फोन, आठव्या दिवशी फोन. ‘गळाली’ असं पालकांनी सांगितलं की तारीख, नाही गळाली तर मूल जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कोणाकडे पाठवलं त्याचं नाव. रिंग कापायची कात्री तिथे आधीच पोहोचलेली असावी. महिन्याअखेरीला वहीत रिकामी राहिलेली ओळ म्हणजे कुठेतरी एक मूल आहे आणि त्याच्या अंगावर अजून रिंग आहे. इजा झाली तर ती वहीत पुरून न टाकता मटेरिओव्हिजिलन्स (उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवणाऱ्या) कार्यक्रमाच्या अर्जावर लॉट क्रमांकासह कळवावी. कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे, आणि अर्ज भरल्याने डॉक्टरवर कारवाई होत नाही.

फुकट आलेल्या ट्रायल नगांचंही त्याच वहीत पान असावं, चलन क्रमांकासह. चलन नसेल तर ते खोकं त्याच दिवशी परत जावं. या मे महिन्याच्या सुट्टीत शिबिरं लागतील आणि खोकी त्याच्या आधी येतील. वही एप्रिलमध्ये बांधून घेतलेली बरी.

आपले,
सोलापुरातले काही सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर सिस्टर आणि बायोमेडिकल तंत्रज्ञ